पोस्टमास्तरांच्या नावे आलेलं टपाल

सोमवारी सकाळी आमच्या केंद्रातून हॉलंडला पाठवलेलं पत्र परत आलं. दुपारपर्यंत इंग्लंडला आणि अमेरिकेला पाठवलेली पत्रंही परत आली. प्रत्येकाखाली एकच ओळ होती: तुमचा सर्व्हर काळ्या यादीत आहे, म्हणून हे पत्र स्वीकारलेलं नाही.

त्या दिवसानंतर आमचं काम बदललं आणि अरविंदही बदलला. अरविंद म्हणजे माझा नवरा. बारामतीतल्या एका सहकारी संस्थेच्या माहिती केंद्राचा तो प्रमुख होता. गेल्या फेब्रुवारीत तो गेला. हे सगळं लिहायचं तर त्यानेच लिहायला हवं होतं. मी मूळची त्याच संस्थेतली ग्रंथपाल. पण त्याला लिहिण्याचा कंटाळा होता आणि मला बोलण्याचा, त्यामुळे त्याच्या वाटचं लिहिणं आधीही मीच करत असे. तेव्हा हेही त्यातलंच एक.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. संस्थेने टेलिफोन खात्याकडून चोवीस तास चालू राहणारी लाइन घेतली आणि शेतकऱ्यांना, कारखानदारांना, शाळा-कॉलेजांना ई-मेलची सोय करून दिली. ज्या यंत्रावरून ही पत्रं जायची-यायची त्याला सर्व्हर म्हणतात. हा सर्व्हर कुठे ठेवायचा यावर कार्यकारिणीत बरीच चर्चा झाली. शेवटी तो माझ्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत आला, कारण न गळणारं छप्पर आणि चालणारं कुलूप या दोन्ही गोष्टी संस्थेत त्या एकाच खोलीला होत्या. यंत्राबरोबर आलेली जाडजूड इंग्रजी पुस्तकं नियमाप्रमाणे ग्रंथालयात जमा झाली. ती वाचणारी मी एकटीच निघाले. अशा रीतीने मी सर्व्हर सांभाळणारी झाले. नेमणुकीचं पत्र मला निवृत्त होईपर्यंत मिळालं नाही.

वाचकांना या कामातलं फारसं काही कळण्याची गरज नाही, पण एक गोष्ट सांगावी लागेल. ई-मेल पाठवणारा माणूस आपलं पत्र एका सर्व्हरच्या हवाली करतो. तो सर्व्हर ते पुढच्या सर्व्हरच्या दारात नेऊन देतो. आता हा पहिला सर्व्हर कुणाकुणाची पत्रं घेतो, हा प्रश्न आहे. फक्त आपल्या लोकांची घेतो, की रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाचीही?

आमचा कुणाचीही घेत असे. ही अरविंदची चूक होती असं मी म्हणणार नाही. ती इथली पद्धत होती. इंदापूर रस्त्याने दुधाची गाडी येते, तिच्या ड्रायव्हरकडे कुणीही डबा द्यावा, पिशवी द्यावी, लग्नाची पत्रिका द्यावी. तो कुणाचं काय म्हणून विचारत नाही. वाटेत ज्याचं त्याला देतो आणि पुढे जातो. अरविंदने सर्व्हर मांडताना हेच केलं. पुस्तकात एक बटण सांगितलेलं होतं, ते चालू ठेवलं तर कुणाचंही पत्र पुढे जायचं, बंद केलं तर फक्त आपल्यांचं. त्याने ते चालू ठेवलं.

“दारात आलेला माणूस पत्र पुढे टाक म्हणाला तर त्याचं गाव विचारायचं का?” तो म्हणाला होता.

जगात गाव न विचारणाऱ्यांच्या शोधात असलेली माणसं होतीच. टक्कल पडलेल्यांना केस, जाड्यांना बारीक करणारी गोळी, परीक्षा न देता अमेरिकन विद्यापीठाची पदवी, घरबसल्या श्रीमंत होण्याचा मार्ग. असली न मागितलेली पत्रं लाखोंच्या संख्येने पाठवणारे लोक उघड्या दाराचे सर्व्हर शोधत हिंडत असत. त्या पत्रांना जग स्पॅम म्हणतं, आम्ही कचरा म्हणायचो. दिवाळीच्या सुमाराला यातल्या कुणाला तरी बारामतीचा पत्ता लागला. तेव्हापासून ओहायोतल्या टकलांना केसांचं औषध बारामतीहून सुचवलं जाऊ लागलं.

आम्हाला हे कळलं का? कळलं, पण प्रगती म्हणून कळलं. संस्थेचे अध्यक्ष आबा यांनी वार्षिक सभेत अहवाल वाचला, त्यात ‘केंद्रामार्फत होणाऱ्या पत्रव्यवहारात भरघोस वाढ झाली असून परदेशी पत्रव्यवहाराचे प्रमाण विशेष उल्लेखनीय आहे’ असं वाक्य होतं. टाळ्या पडल्या. अरविंदचा नारळ देऊन सत्कार झाला. दिवाळीपासून लाइन मंद का झाली याचं कारण तो शोधत होता. सत्कारानंतर काही आठवडे त्याने ते शोधायचं थांबवलं.

आता शेळगावच्या तात्यांकडे येते, कारण त्या सोमवारी परत आलेलं पहिलं पत्र त्यांचं होतं.

तात्यांच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांनी शेती धरली, तात्यांनी त्यात द्राक्षं लावली. ती मुंबईला चांगल्या भावाने जात होती आणि तात्यांना कशाची ददात नव्हती. पण त्यांना द्राक्ष बोटीने परदेशी पाठवायचं होतं. त्यात मानाचा प्रश्न होता, कारण शेजारच्या गावातल्या व्याह्यांनी आदल्या वर्षी ते केलं होतं आणि प्रत्येक बारशाला, लग्नाला ते त्याबद्दल बोलत होते. हॉलंडमधल्या एका कंपनीशी तात्यांचं जुळलं. तिथली बाई म्हणाली, घडांचे रंगीत फोटो पाठवा, रंग आणि आकार पाहते, पसंत पडले तर तोडा म्हणून कळवते, तुमच्यासाठी कंटेनरात जागा धरून ठेवली आहे.

तात्यांनी फोटोग्राफर शेतावर नेला. घडाशेजारी मापासाठी काडेपेटी ठेवून फोटो काढले. ते मी आमच्या स्कॅनरवर घेतले आणि सोमवारी सकाळी पाठवले. ते परत आले.

“म्हंजी? पत्ता चुकला काय?” तात्या म्हणाले.

“पत्ता बरोबर आहे. त्यांच्या सर्व्हरने आपलं पत्र घ्यायला नकार दिला. आपण काळ्या यादीत आहोत.”

तात्या खुर्ची ओढून बसले. या भागात काळी यादी हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कारखान्याला ऊस घालणारा, सोसायटीचा सभासद, वाहतूक ठेकेदार, सगळ्यांना ती ठाऊक असते, आणि तिथे नाव आपोआप जात नाही हेही ठाऊक असतं.

“कुणी घातलं?” त्यांनी विचारलं. “आपल्यातलाच हाय का कोण?”

“अमेरिकेतले काही लोक ही यादी ठेवतात. त्यांची आपली ओळख नाही.”

“वळख नसताना कोण कशाला घालंल, वैनी? इंदापूरच्या पार्टीचं काम हाय हे.”

मला त्यांना समजावून सांगावं लागलं, तेच इथे सांगते. स्पॅमला वैतागलेल्या काही संगणकतज्ज्ञांनी वाईट सर्व्हरांची यादी ठेवायला सुरुवात केली होती. इंटरनेटवर नावावरून नंबर शोधायची एक सोय असते, एखाद्या अवाढव्य टेलिफोन डिरेक्टरीसारखी. तिचं नाव डीएनएस. या लोकांनी आपली यादी त्या डिरेक्टरीतच टाकली. मग कोणताही सर्व्हर, दारात पत्र घेऊन आलेल्या दुसऱ्या सर्व्हरचा नंबर उलटा लिहायचा, म्हणजे शेवटचा आकडा आधी आणि पहिला शेवटी, आणि त्यापुढे यादीचं नाव जोडून विचारायचा: असं कुणी आहे का? ‘असं कुणी नाही’ असं उत्तर आलं तर माणूस सज्जन. ‘आहे’ असं आलं तर दार बंद. माझा जन्म ग्रंथालयात गेला. तिथे सूचीत न सापडणं ही नामुष्की असते. न सापडणं म्हणजे अब्रूदार असणं, ही सूची मला नवीन होती.

आणि ती क्षणात पाहून होई. चौकशी नाही, साक्ष नाही, पत्रात काय आहे हे पाहणंही नाही. तात्यांची द्राक्षं आणि टकलांचं औषध एकाच दारातून बाहेर पडतात एवढं पुरे होतं. यादीवाल्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर त्यांची भूमिका दिली होती. तिचा सूर एखाद्या व्रतस्थ मंडळाच्या जाहीरनाम्यासारखा होता. आम्ही कुणालाही अडवत नाही, आम्ही फक्त आमचं मत देतो, ते ऐकायचं की नाही हे ऐकणाऱ्याने ठरवावं. असं बोलणारी माणसं आमच्या तालुक्यातही होती आणि त्यांच्या मतानेच सगळं चालत असे.

मी हॉलंडच्या बाईला फोन लावला. ती फार सौजन्याने बोलली. आमच्या संगणकवाल्यांना विचारते म्हणाली. संगणकवाले म्हणाले, हे धोरण आहे. मी इंटरनेटवर कुणालाही फुकट मिळणाऱ्या ई-मेलच्या एका पेटीतून फोटो पाठवून पाहिले, तर त्यांच्याकडे फुकटच्या पेट्यांनाही बंदी होती. मग फॅक्स केला. तो मात्र पोचला.

“बाईनं इचारलंय, ही कसली फळं हायत म्हणून,” फोनवरचं बोलणं मी सांगितल्यावर तात्या अरविंदला म्हणाले. “फॅक्सनं आमच्या द्राक्षाची जांभळं केली.”

गंमत अशी की तिची पत्रं आम्हाला येत होती. आमचं दार उघडंच होतं. रोज सकाळी तिचं एक पत्र यायचं: फोटोंची वाट पाहत आहोत, जागा फार दिवस धरता येणार नाही. तात्या ते माझ्याकडून वाचून घ्यायचे आणि शेतावर जाऊन घड चाखायचे. द्राक्ष बोटीने जायचं तर ते पूर्ण पिकायच्या थोडं आधी तोडावं लागतं. गोडी वाढली की फळ घरच्या माणसांना आवडतं आणि बोटीला चालत नाही. त्या आठवड्यात ऊन चढत होतं आणि गोडी रोज वाढत होती.

आबांनी प्रकरण हातात घेतलं. ते म्हणाले, “त्या यादीचा चेअरमन कोण हाय?”

“चेअरमन असा नाही, आबा,” अरविंद म्हणाला.

“यादी हाय म्हंजी चेअरमन असणारच. त्येला हिकडं बोलवू. शाल-श्रीफळ देऊ. कारखाना दाखवू. तवर एक अर्ज घाला.”

अर्ज त्यांनीच सांगितला. ‘विषय: काळ्या यादीतून नाव कमी करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, आमची संस्था ही शेतकऱ्यांच्या सर्वांगीण उन्नतीसाठी कटिबद्ध असून...’ मी त्याचं इंग्रजी केलं. ‘कटिबद्ध’ला अडखळले. अर्ज यादीवाल्यांच्या पानावरच्या चौकटीत भरून पाठवला, कारण पत्राने पाठवला असता तर तोही परत आला असता.

मंगळवारी उत्तर आलं. त्यात अभिवादन नव्हतं. तुमचं दार उघडं आहे, ते बंद करा, मग नाव काढू. आणि त्याखाली: दिवाळीपासून आम्ही आणि इतर पुष्कळांनी तुमच्या पोस्टमास्तरला वारंवार लिहिलं. पोस्टमास्तरने एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाही.

अरविंदने ते दोनदा वाचलं. “आपल्याकडे पोस्टमास्तर कोण आहे?”

पुस्तक मी वाचलेलं असल्याने मला उत्तर येत होतं. जगातल्या प्रत्येक मेल सर्व्हरवर ‘पोस्टमास्तर’ नावाची एक पेटी असते. सर्व्हरबद्दल कुणाची तक्रार असेल तर ती तिथे करायची आणि ती सांभाळणाऱ्याने वाचायची, असा संकेत आहे. अरविंदने ती पेटी केली होती. पण संस्थेचा दुसरा एक नियम होता. आबा पडद्यावरचं वाचत नसत. त्यामुळे संस्थेच्या कामाचं म्हणून जे ई-मेल येई ते कार्यालयात छापलं जाई, आवकवर चढे, त्यावर शिक्का बसे आणि शिपाई ते ज्याचं त्याला नेऊन देई. पोस्टमास्तर या नावाचं टपाल पहिल्यांदा आलं तेव्हा आवकच्या लेखनिकाने आबांना विचारलं होतं, याचं काय करायचं. आबांनी सांगितलं होतं, दुसऱ्याचं टपाल आपण ठेवून घ्यायचं नाही.

आम्ही दोघं चालत कोपऱ्यावरच्या पोस्टात गेलो.

तिथले पोस्टमास्तर सोनवणे हे निवृत्तीला आलेले, टापटिपीचे गृहस्थ. आम्ही विचारल्यावर त्यांनी कपाटातून सुतळीने बांधलेला जाड गठ्ठा काढला. प्रत्येक कागदावर आमच्या संस्थेचा शिक्का होता, त्याखाली त्यांच्या पोस्टाचा शिक्का होता, आणि कोपऱ्यात निळ्या शाईने शेरा होता: पत्ता अपूर्ण.

“मला वाटलंच कोणतरी न्यायला यील,” ते म्हणाले. “पाठवणाराचं नाव हाय, पण घर नंबर न्हाय, गल्ली न्हाय, पिन न्हाय. परत तरी कुणाला करायचं?”

“तुम्ही वाचलीत का यातली काही?” अरविंदने विचारलं.

सोनवणे दुखावले. “दुसऱ्याचं टपाल वाचत न्हाय आमी.”

“पण ती तुमच्याच नावाची होती.”

“हुद्द्याच्या नावाची,” सोनवणे म्हणाले. “हुद्द्याचं टपाल वाचायचं तर बाबीचा संबंध पायजे. ह्यो एक बघा, वर म्हणतोय मला पुन्हा केसाची जाहिरात पाठवली तर कोर्टात खेचीन. वरची वळ तेवढी दिसली, दुमडताना. पोस्टाचा आन केसाचा काय संबंध?”

अरविंद हसू लागला. तो असा हसला की काउंटरवर तिकिटं चिकटवणाऱ्या बाईंनीही मान वर केली. मी गठ्ठा उचलला. घरी येईपर्यंत तो हसत होता. मग बटण बंद करायची वेळ आली आणि तो हसायचा थांबला.

बटण बंद केलं की आपल्यांचीच पत्रं जाणार. आपले कोण, हे यंत्राला त्यांच्या नंबरांवरून सांगायचं होतं. आमच्या लाइनवरचे नंबर मी लिहून काढले.

“लोणी देवकरच्या कारखान्यातली माणसं पुण्याच्या एका कंपनीच्या लाइनवरून येतात,” अरविंद म्हणाला. “ती आपली नाहीत?”

“या नंबरांत नाहीत.”

“आणि सुट्टीला गावी आलेला कुणी दुसऱ्याच्या फोनवरून आत आला तर?”

“तोही नाही.”

“ग्रंथालयात तू असंच करतेस का? सभासद नसेल त्याला पुस्तक हातात घेऊ देत नाहीस?”

“घेऊ देते. घरी नेऊ देत नाही,” मी म्हणाले.

त्याने बटण बंद केलं. लोणी देवकरची माणसं दुसऱ्याच दिवशी भांडायला आली आणि त्यांचं बरोबर होतं.

यादीवाल्यांनी आपल्या यंत्राकडून आमचं दार ठोकून पाहिलं. एकदा पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. त्यांच्या घाईची आणि आमच्या द्राक्षांच्या घाईची जात वेगळी होती. शुक्रवारी नाव निघालं. तरी हॉलंडच्या सर्व्हरला ‘आहे’ हे जुनं उत्तर पाठ होतं, ते विसरायला त्याने आणखी एक दिवस घेतला. या डिरेक्टरीची रीत अशी आहे की एकदा ऐकलेलं उत्तर सर्व्हर काही काळ पुन्हा न विचारता वापरतो. माणसांचंही असंच असतं, फक्त माणसांच्या बाबतीत त्याला मुदत नसते.

शनिवारी दुपारी फोटो गेले. तात्या शेजारी बसून होते. तासाभरात उत्तर आलं. मी ते आधी मनात वाचलं.

“काय म्हणती हालंडवाली?”

“म्हणते, द्राक्षं फार सुंदर आहेत. आकार अगदी हवा तसा आहे. पण ती जागा काल दुसऱ्याला दिली. पुढच्या आठवड्यात आणखी एक कंटेनर आहे, तोपर्यंत फळ टिकेल का?”

तात्या पडद्याकडे वाकले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

“सुंदर म्हणली?”

“हो. ‘फार सुंदर’.”

“तेवढं छापून द्या,” तात्या म्हणाले. मी छापून दिलं. त्यांनी घडी करून खिशात घातलं. दारात थांबून अरविंदला म्हणाले, “त्या अमेरिकावाल्यांनी एक डाव इचारायचं तरी हुतं, सायेब.”

“विचारलं होतं, तात्या. पोस्टात.”

“मंग द्राक्षंबी पोस्टातनंच धाडाय पायजे हुती.”

सोमवारी त्यांनी बाग तोडली आणि माल मुंबईला गेला. भाव वाईट मिळाला नाही. पण व्याह्यांना जे बोलायचं होतं ते ते पुढच्या बारशाला बोललेच असणार. पुढच्या हंगामात तात्यांनी पुण्याच्या एका निर्यातदाराला धरलं आणि त्याच्यामार्फत त्यांची द्राक्षं बोटीवर चढली. आमच्या केंद्रात ते पुन्हा आले नाहीत. तालुक्याच्या कामाला आले की वाचनालयात येत, वर्तमानपत्र वाचत, माझी विचारपूस करत. मागच्या खोलीत मात्र पाऊल टाकत नसत. अरविंद बाहेर येऊन त्यांच्याशी बोले. ते चांगलं बोलत. तेच त्याला लागत असे.

यानंतर ती यादी आम्हीही वापरू लागलो. ज्याने फटका खाल्ला त्याला छडीचं महत्त्व पटतं. कचरा इतका वाढला होता की लोकांना त्यातून आपलं पत्र शोधावं लागे, आणि खरं सांगायचं तर मला ती गाळणी आवडली. दोन ओळी लिहायच्या, मग प्रत्येक पत्रामागे आमचा सर्व्हर समुद्रापलीकडे नंबर उलटा करून विचारणार आणि कचरा दारातूनच परत जाणार. पहिल्याच दिवशी पेट्या निम्म्याहून हलक्या झाल्या. आबा खूश झाले आणि म्हणाले, “आता आपली सोत्ताची यादी करा. मी नावं देतो.”

“कसली नावं?”

त्यांनी इंदापूरच्या एका संस्थेचं नाव सांगितलं. गेल्या निवडणुकीत ती दुसऱ्या बाजूला होती.

“ते स्पॅम पाठवत नाहीत, आबा,” मी म्हणाले.

“आज न्हाय पाठवत. उद्या पाठवतील. त्येंचा सोभाव मला ठावं हाय.”

“यादी आपली नाही. तिकडून येते.”

“मग तिकडं कळवा.”

मी कळवलं नाही. पण पुढे कितीतरी याद्या निघाल्या. एकाने संपूर्ण देशच्या देश यादीत घातले, दुसऱ्याने तिसऱ्या यादीवाल्यालाच घातलं. तेव्हा मला वाटलं की आबांनी कळवलेलंही कुणीतरी आनंदाने लिहून घेतलं असतं.

अरविंदने गाळणीला विरोध केला नाही. रोज संध्याकाळी मी वाचनालय बंद करत असे तेव्हा तो मागच्या खोलीत बसून दिवसभरात कुणाकुणाला दारातून परत पाठवलं ते वाचत असे. पत्र तर आत आलेलंच नसे. फक्त कुणाकडून कुणाला, एवढी ओळ उरे. तो एकेक ओळ पाही. आम्ही घरी निघालो की सांगे, आज एक खरा माणूस परत गेला. कधी दोन सांगे. जळोचीच्या एका बाईंचा मुलगा आखातात नोकरीला होता, त्याच्या कंपनीचा सर्व्हर यादीत आला होता. बाई येऊन विचारायच्या, “माझ्या पोराचं आलं का काय?” मी नाही म्हणायचे. खरंच आलेलं नसायचं. अरविंदला ती ओळ सापडली. त्याने मुलाच्या सर्व्हरला सूट दिली आणि स्वतः जळोचीला जाऊन सांगून आला की पुढचं पत्र येईल.

“एवढ्या कचऱ्यासाठी एक माणूस परत गेला तर चालतं, असं त्या पुस्तकात कुठे लिहिलंय का?” त्याने एकदा मला विचारलं.

“थेट तसं लिहिलेलं नाही. पण तसंच धरलेलं आहे.”

“तेच,” तो म्हणाला.

यावर आमची भांडणं झाली. मी नियमाची माणूस. एकाला सूट दिली की दुसऱ्यालाही द्यावी लागते, मग गाळणीला अर्थ काय, असं मी म्हणत असे. तो वाद घालत नसे. सूट देऊन मोकळा होई. त्याने सूट दिलेल्यांची यादी गाळणीच्या दोन ओळींहून कितीतरी लांब झाली होती. मी ती नीट वर्णानुक्रमे लावून ठेवत असे.

पुढे काही वर्षांनी यादी चालवणाऱ्यांपैकी एकजण कंटाळला. त्याने यादी बंद केल्याचं जाहीर केलं, तरी जगभरचे सर्व्हर विचारतच राहिले, कारण यादीला विचारायला लावणाऱ्या त्या दोन ओळी कुणी आपल्या सर्व्हरवरून खोडल्या नव्हत्या. आम्हीही नव्हत्या. मग त्याने एक दिवस येईल त्या प्रत्येक प्रश्नाला ‘आहे’ असं उत्तर द्यायला सुरुवात केली, म्हणजे वैतागून तरी लोक विचारायचे थांबतील. त्या सकाळी आमच्या सर्व्हरच्या लेखी सगळं जग काळ्या यादीत होतं. दुपारपर्यंत एकही पत्र आत आलं नाही. मी कारण शोधून काढलं आणि अरविंदला सांगितलं.

“अखेर खरं बोलला,” तो म्हणाला, आणि ओळी खोडल्या.

आता तो सर्व्हर नाही. संस्थेची पत्रं एका बड्या परदेशी कंपनीकडून येतात-जातात आणि गाळणी तीच कंपनी लावते. ती कशाच्या आधारावर कुणाला परत पाठवते हे कुणी सांगत नाही, आणि परत पाठवलेल्यांच्या ओळी वाचायला मिळत नाहीत. मागच्या खोलीत सतरंज्या ठेवतात. आबा गेले. तात्यांची मुलं द्राक्षं पाठवतात, तात्या घरीच असतात. अरविंद गेल्यावर ते भेटायला आले होते. बराच वेळ बसले. म्हणाले, सायेब मानूस चांगला हुता, कुणाला न्हाय म्हणत न्हवता. मी म्हणाले, एकदा म्हणाला होता, सर्व्हरचं दार बंद केलं तेव्हा. ते म्हणाले, तेबी आमच्यापायी.

अरविंदची पेटी संस्थेने बंद केलेली नाही. बंद करायची तर अर्ज लागतो आणि तो मी केलेला नाही. त्याऐवजी दुसरा अर्ज केला, की या पेटीवरची गाळणी काढून टाकावी. कार्यालयातल्या मुलीने कारण विचारलं. मी लिहिलं, एखादा खरा माणूस परत जाऊ नये म्हणून. तिने ते मान्य केलं.

रोज संध्याकाळी मी त्या पेटीतली पत्रं एकेक करून उघडते. आजवर आलेली सगळी स्पॅम आहेत.